हौद्याला अस्तर हवे, पण कोणते?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पहाटे बर्फ फोडण्याचा आवाज सुरू झाला की पिकअप गाड्या एकेक करून मागे घेतल्या जातात. एकावर एक क्रेट चढतात, त्यांवर बर्फाचा चुरा, वरून ताडपत्री, आणि गाडी आंबा घाट चढून कोल्हापूरच्या वाटेला लागते. कोल्हापूर येईपर्यंत बराचसा बर्फ वितळून हौद्यात उतरलेला असतो. ते नुसते पाणी नसते. त्यात मीठ असते, खवले असतात, वाळू असते. क्रेट ओढताना पत्र्याचा रंग खरवडून निघतो आणि त्या खरवडीत हे पाणी जाऊन बसते. बाहेरून गाडी नव्यासारखी दिसते. हौद्यात वाकून पाहणाऱ्यालाच कळते, की कोपऱ्यांतल्या पत्र्याला पापुद्रे सुटू लागले आहेत.

अशा एखाद्या गाडीच्या मालकाचे घर डोळ्यांसमोर आणावे. गाडी कर्ज काढून घेतलेली, दोन वर्षांचे हप्ते अजून बाकी. हिशेबाची वही घरच्या बाईंच्या हातात.

"अहो, हप्ते संपायच्या आधी हौदाच संपायचा," त्या एका रात्री म्हणतात.

"नवा पत्रा मारून घेऊ."

"मागच्या वर्षी मारला होता, तो कुठे गेला?"

जेवायला आलेला भाचा ताटातून मान वर करतो. तो एका गॅरेजमध्ये रंगकामाला आहे. "मामा, अमेरिकेत हौद्याला फवाऱ्याने रबरासारखं अस्तर मारतात. आता आपल्याकडेही किट मिळतं. जूनमध्ये गाडी उभीच असते ना? शेडची दारं लावून घेऊ, धूळ बसायला नको. मी मारून देतो."

मामींना बेत पटतो. मजुरी वाचते, काम घरच्या मुलाच्या हातचे, आणि धंद्याचा एक दिवसही बुडत नाही.

भाच्याची कल्पना चांगलीच आहे. खाऱ्या पाण्याच्या धंद्याला सांधा नसलेले अस्तर शोभते. पण त्याच्या बोलण्यातले तीन शब्द, किट, शेड आणि जून, नीट तपासून घ्यायला हवेत. त्यांतला मधला तर सर्वांत आधी.

पत्र्यावर पत्रा

तत्पूर्वी जुन्या उपायांकडे पाहू. आपल्याकडे हौदा वाचवायचा म्हणजे चेकर प्लेट, हे जणू ठरूनच गेले आहे. बॉडीवाला माप घेतो, प्लेट कापतो, कडेने वेल्डिंगचे टिपके मारतो आणि संध्याकाळी गाडी परत देतो. मजबुतीत प्रश्न नाही. पण दोन पत्र्यांच्या मध्ये केसाएवढी फट राहतेच. तिच्यात शिरलेल्या खाऱ्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते, वाळायला वारा नसतो. वरची प्लेट ठणठणीत दिसत असताना खालचा मूळ तळ आतून खाल्ला जातो. मामींच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. मागच्या वर्षीचा पत्रा कुठेही गेलेला नाही, तो खालच्या पत्र्याला झाकून बसला आहे.

शिवाय वजन. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्याचा तळ सुमारे ४.६ चौरस मीटर भरतो. त्यावर ३ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट टाकली तर तिचे वजन १०८ किलोच्या आसपास होते. म्हणजे प्रत्येक फेरीला क्विंटलभर माल कमी, किंवा डिझेल जास्त. हा खर्च वहीत कुठल्याच रकान्यात दिसत नाही, म्हणून तो कोणी धरत नाही.

लाकडी फळ्या विटा-दगड वाहणाऱ्याला अजूनही बऱ्या. एक तुटली तर एक बदलता येते. मासळीला मात्र त्या नकोत. वास धरतात, फुगतात, कुजतात. जाड रबरी मॅट स्वस्त असते आणि भाजीपाला वाहणाऱ्याला पुरते. अट एवढीच, की रोज रात्री ती उचलून खालचा पत्रा धुवावा आणि पुसावा. हे व्रत पहिला महिना पाळले जाते. परदेशी धाटणीच्या काही गाड्यांसाठी प्लास्टिकचा तयार साचाही मिळतो, जो हौद्यात ताटासारखा बसतो. गाडी हादरते तसा तो पत्र्यावर घासत राहतो आणि त्याखाली वाळू व पाणी साचते. अमेरिकेत आधी हे साचेच जोरात खपत होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फवाऱ्याच्या अस्तराचा व्यवसाय तिथे वाढला, त्यामागे याच साच्यांखालचा गंज हेही एक कारण होते. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. मीठ रस्त्याचे असो की मासळीचे, लोखंडाला सारखेच.

फवाऱ्यात असते काय

हे अस्तर दोन रसायनांचे असते. एका डब्यात आयसोसायनेट, दुसऱ्यात रेझिन. दोन्ही एकत्र आली की घट्ट, लवचीक थर तयार होतो. रेझिनच्या प्रकारानुसार त्याला पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया म्हणतात. काही अस्तरे या दोहोंच्या मधली असतात. पॉलियुरिया काही सेकंदांत आळते. म्हणून ते ब्रशने लावता येत नाही. दोन्ही द्रव साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, मोठ्या दाबाने बंदुकीच्या तोंडाशीच एकत्र करून फवारावे लागतात. हे यंत्र महाग असते आणि ते गल्लीतल्या गॅरेजमध्ये नसते. मोठ्या शहरांत इमारतींच्या गच्च्यांना पॉलियुरियाचे वॉटरप्रूफिंग करणारे ठेकेदार असतात, त्यांच्याकडे ते सापडते. मात्र गच्ची सिमेंटची असते आणि हौदा लोखंडाचा. अशा ठेकेदाराने याआधी लोखंडावर काम केले आहे का, हे विचारायचे आणि केले असेल तर ती गाडी पाहायला मागायची. वर्षभर वापरलेली गाडी पाहावी. काल फवारलेली कोणतीही गाडी छानच दिसते.

आता किट. दुकानात मिळणाऱ्या किटमध्ये बहुधा पॉलियुरेथेन असते आणि ते रोलरने किंवा साध्या कंप्रेसरच्या गनने लावतात. ते वाईट नसते, पातळ असते. हौद्याचा तळ आणि बाजू मिळून सुमारे साडेआठ चौरस मीटर क्षेत्रफळ होते. चार लिटरचे किट त्यावर पसरले तर थर अर्धा मिलिमीटरही भरत नाही. त्यातले थिनर उडून गेल्यावर त्याहूनही कमी. तळाला ३ मिलिमीटर आणि बाजूंना दीड मिलिमीटर द्यायचे तर सुमारे २० लिटर माल लागतो. हे गणित ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण जाडी डोळ्यांनी कळत नाही, लिटर कळतात. "किती मिलिमीटर मारणार?" असे विचारले तर कोणीही तीन म्हणेल. "किती लिटर माल घालणार?" असे विचारले की समोरचा जरा थांबून उत्तर देतो. आणखी एक उपाय म्हणजे वीतभर पत्र्याचा तुकडा हौद्याच्या तळाशी ठेवून त्यावरही त्याच वेळी फवारून घ्यायचा. वाळल्यावर तो वाकवून पाहावा, कडेला कापून कॅलिपरने जाडी मोजावी. एवढ्या सगळ्या अस्तराचे वजन बाविसेक किलो होते. १०८ किलोच्या प्लेटपुढे ते काहीच नाही.

रंगाच्या बाबतीत दुकानदार एक महागडा प्रकार सुचवतात, ज्याला ॲलिफॅटिक म्हणतात. तो उन्हात फिका पडत नाही. साधा ॲरोमॅटिक प्रकार उन्हाने निस्तेज होतो, त्यावर पांढुरकी भुकटी धरते. पण मासळीचा हौदा बहुतेक वेळ ताडपत्रीखाली असतो. फक्त रंगाच्या तजेल्यासाठी जास्त पैसे देण्याचे तिथे कारण नाही. खरखरीतपणा मात्र विचारपूर्वक निवडावा. जाड दाण्याच्या पृष्ठावर घाटात क्रेट सरकत नाहीत, पण त्याच दाण्यांत खवले अडकतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा वास येतो. मासळीवाल्याने बारीक दाणा मागावा आणि क्रेट दोरीने बांधावेत.

रुमालाने अडत नाही

आता शेड. आयसोसायनेट हे नाव भारतीयांना नवे नाही. १९८४ साली भोपाळमध्ये जो वायू पसरला, तो मिथाइल आयसोसायनेट होता. अस्तरात वापरतात ते याच कुळातले दुसरे रसायन असते, बहुधा एमडीआय. ते भोपाळच्या वायूसारखे सहज उडून जात नाही, त्यामुळे बंद डब्याला घाबरायचे कारण नाही. पण तापवून, दाबाने फवारले की त्याचे बारीक तुषार हवेत तरंगतात आणि श्वासावाटे छातीत उतरतात. त्यातून दमा जडू शकतो. हा दमा साध्या धुळीच्या दम्यासारखा नसतो. शरीराने एकदा या रसायनाशी वैर धरले, की पुढे त्याचा अगदी अल्प अंशही झटका आणायला पुरतो. कातडीला सतत लागूनही हे वैर उत्पन्न होऊ शकते. रंगकामावर पोट असलेल्या मुलाला असे झाले तर त्याचा धंदाच सुटतो, कारण गाड्यांच्या दोन डब्यांच्या रंगातल्या हार्डनरमध्येही हेच कुळ असते.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य राष्ट्रीय संस्थेने २००६ साली खास याच कामाबद्दल, म्हणजे गाड्यांच्या हौद्यांना अस्तर फवारणाऱ्यांसाठी, इशारा प्रसिद्ध केला. त्यात एका कामगाराच्या मृत्यूची हकीकत आहे. तो मालवाहू व्हॅनच्या आतल्या तळावर अस्तर फवारत होता. दम्याचा तीव्र झटका येऊन तो दगावला. काम रोजचेच होते, हौदा एवढाच होता.

भाचा दारे लावून घेणार होता ती धुळीसाठी. तोंडाला तो फार तर रुमाल बांधणार, किंवा औषधाच्या दुकानातला मास्क. दोन्हींनी हे तुषार अडत नाहीत. या कामाला बाहेरून नळीने ताजी हवा येणारे डोक्यावरचे आवरण लागते, अंगभर पोशाख, हातमोजे, डोळ्यांना संरक्षण लागते आणि हवा ओढून बाहेर टाकणारी फवारणीची खोली लागते. ज्या कारखान्यात हे नाही, तिथे दर कमी असणारच. तो कमी दर कोणाच्या फुप्फुसांतून वसूल होतो, हे गिऱ्हाइकानेही एकदा आत डोकावून पाहायला हरकत नाही. फवारणी करणारा माणूस उघड्या तोंडाने काम करताना दिसला तर गाडी परत फिरवावी. जो स्वतःची छाती जपत नाही तो पत्रा तरी कशाला जपेल?

घरी किट लावायचेच असेल, तर फवारू नये. रोलर वापरावा, काम उघड्यावर करावे, हातमोजे घालावेत, डब्यावरची सूचना पूर्ण वाचावी, आणि लहान मुले व दमेकरी यांना त्या दिवशी आसपास फिरकू देऊ नये. ज्याला आधीच धाप लागते त्याने हे काम करूच नये. अस्तर पूर्ण आळल्यावर आयसोसायनेट त्यात बांधले गेलेले असते. मग नेहमीच्या वापरात त्याचा त्रास नाही. अपवाद एकच. अस्तरावर किंवा त्याच्या मागच्या बाजूला वेल्डिंग केले तर जळलेल्या थरातून विषारी धूर निघतो. हुक, कड्या, पाइप, जे काही जोडायचे ते अस्तराच्या आधी जोडून घ्यावे.

जून-जुलैचा मोह

कोकणात यांत्रिक नौकांची मासेमारी पावसाळ्यात, जून आणि जुलैमध्ये बंद असते. गाडी उभी, माणसे रिकामी. हौद्याचे काम काढायला याहून सोयीचा काळ नाही, आणि फवाऱ्याच्या अस्तराला याहून वाईट काळही नाही. आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. हवेत आणि पत्र्यावर ओल असली की अस्तराच्या पोटात बुडबुडे राहतात, काही ठिकाणी ते पत्र्याला चिकटतच नाही. पॉलियुरिया झटपट आळते म्हणून हवेतल्या दमटपणाला थोडे कमी दबते, पण ओल्या पत्र्यावर तेही बसत नाही. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवे, असा रंगकामाचा नियम आहे. रत्नागिरीच्या जुलैमध्ये हा नियम पाळायचा म्हणजे गाडीला पंचतारांकित हॉटेलात ठेवण्यासारखेच.

यावर तोड आहे. कामाचे दोन भाग करावेत. पावसाळ्यात पत्र्याचे काम: जुनी चेकर प्लेट काढून टाकायची, खालचा कुजलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, सांधे पूर्ण वेल्ड करायचे. गंज ग्राइंडरच्या तारेच्या ब्रशने किंवा शक्य असल्यास सँडब्लास्टिंगने काढायचा, गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवायचे आणि शेडमध्ये पंखे लावून पूर्ण सुकवून इपॉक्सी प्रायमर द्यायचा. धुण्याला कंटाळू नये. पत्र्यावर राहिलेले मीठ अस्तराच्या खालून पाणी ओढून घेते आणि महिन्या-दोन महिन्यांत फोड येतात. गंज झाकला म्हणून थांबत नाही; तो अंधारात निवांत वाढतो. कोणी "गंजावरूनच मारून देतो, दिसणार नाही" म्हणाले तर ते खरेच सांगत असतात. तो दिसत नाही.

मग जानेवारीत, कोरड्या हवेत, गाडी दोन-तीन दिवस कोल्हापूर-पुण्याकडच्या कारखान्यात द्यायची. घाटावर त्या दिवसांत हवा कोरडी असते आणि गाडीची वाट तिकडचीच आहे. प्रायमर आता जुना झालेला असतो, म्हणून आधी तो पॉलिश पेपरने खरखरीत करायचा, तेलकटपणा पुसायचा. हे काम भाच्याने करावे. त्याचा हात बसलेला आहे आणि या कामाची मजुरी त्यालाच मिळाली पाहिजे. फवारणी सुरू होताना मात्र त्याने बाहेर चहा प्यावा.

फवारण्याआधी मामींनी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. पाणी जायची भोके बंद होणार नाहीत ना? ती बुजली तर हौद्याचे तळे होते. फाळक्याचे बिजागर आणि खिटी झाकून घेतली आहे ना? नाहीतर फाळका उघडणार नाही आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी तो पहारीने उघडेल. आणि भोकांना नळी लावून खाली छोटी टाकी जोडायची सोय ठेवली आहे ना? गळणारे मासळीचे पाणी रस्त्यावर सांडते, वळणावर दुचाकी घसरतात, आणि पुढच्या गावात गाडीला शिव्या बसतात. हौद्याचे काम निघालेच आहे तर हेही होऊन जावे.

डिझेल-पेट्रोलचे कॅन वाहणाऱ्यांसाठी एक इशारा इथेच द्यायला हवा. सुट्या पेट्रोलवर आपल्याकडे निर्बंध आहेतच. पण परवानगीने भरायचे असले तरी कॅन हौद्यात ठेवून कधी भरू नये. प्लास्टिकच्या अस्तरामुळे कॅनवर जमलेली स्थिर वीज जमिनीत जात नाही आणि नळीच्या तोंडाशी ठिणगी पडू शकते. पिकअपच्या प्लास्टिक अस्तरावर कॅन भरताना अमेरिकेत अशा आगी लागल्या, आणि वर उल्लेखलेल्याच संस्थेने १९९८ साली त्याबद्दल सावध केले होते. कॅन खाली जमिनीवर ठेवावा, नळीचे तोंड कॅनला टेकवूनच भरावे, मग झाकण लावून हौद्यात चढवावा.

हमीपत्राविषयी थोडेसे. "जन्मभराची हमी" हे शब्द ऐकायला गोड आहेत. जन्म कोणाचा, गाडीचा, मालकाचा की दुकानाचा, हे लेखी विचारावे. हमीत सुटलेला थर येतो का, नुसता फाटलेला येतो का, पुन्हा फवारायचा खर्च कोण देणार आणि गाडी विकली तर हमी पुढच्या मालकाला मिळते का, एवढे कागदावर आले तरी पुरे. किती लिटर माल घातला तेही बिलावर लिहून घ्यावे.

गाडी घरी आल्यावर पहिले काही दिवस, कारखानदार सांगेल तेवढे, तिच्यात जड माल घालू नये. नंतर दर आठवड्याला गोड्या पाण्याने आणि साध्या साबणाने धुवावी. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन कोपरे, भोकांच्या कडा आणि फाळक्याची खालची बाजू पाहावी. लोखंडी क्रेटच्या टोकाने कुठे चीर पडलेली दिसली, तर त्याच कंपनीच्या दुरुस्तीच्या छोट्या डब्याने ती त्याच आठवड्यात भरून घ्यावी. तो डबा अस्तर मारून घेतानाच मागून ठेवावा, आणि त्याच्यावरची मुदतीची तारीख वहीत लिहून ठेवावी.